सेहेचाळीसपैकी बारा

मला कुणाचा राग येत असेल तर तो अशा माणसांचा, ज्यांना स्वतःच्या फायद्याचंसुद्धा खोटं बोलता येत नाही. आमच्या बाई त्यातल्या. तीन वर्षं झाली, मी त्यांच्या आईला सांभाळते. सकाळी आठ ते संध्याकाळी सहा. तीन वर्षांत बाई माझ्यावर एकदाही ओरडल्या नाहीत. मी मात्र त्यांच्यावर शंभरदा तरी ओरडले असेन. जेवल्या नाहीत म्हणून, छत्री विसरल्या म्हणून, ताप अंगावर काढला म्हणून. त्या सगळं ऐकून घेतात, "बरोबर आहे तुमचं, मावशी," म्हणतात आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच करतात. अशा माणसाशी भांडायचं तरी कसं, सांगा.

मावशी हे नाव मला आजीनं दिलं. आजी म्हणजे बाईंची आई, वय वर्षं ब्याऐंशी. मी सत्तेचाळीसची. पहिल्याच दिवशी तिनं मला बघितलं आणि म्हणाली, "मावशी, किती दिवसांनी आलीस गं!" तिची खरी मावशी तिच्या लग्नाआधीच वारलेली. मी म्हटलं, असू दे बाई, मेलेल्या माणसाच्या जागी का होईना, नोकरी तर पक्की झाली. तेव्हापासून बाईंपासून दूधवाल्यापर्यंत सगळे मला मावशीच म्हणतात. आणि मजा बघा, आजीनं मला एक दिवससुद्धा ओळखायचं चुकवलं नाही. रोज मी तिची मावशीच. विसरली ती फक्त पोटच्या पोरीला.

बाई शाळेत गणित शिकवतात, नववी-दहावीला. चोपन्न वर्षांच्या. वडील लवकर गेले, मग मोठ्या भावाचं शिक्षण, मग त्याचं लग्न, मग आईचं गुडघ्याचं ऑपरेशन, आणि या सगळ्यात यांचं लग्न राहून गेलं. राहून गेलं असं त्याच म्हणतात, दुकानातून मीठ आणायचं राहून जातं त्या आवाजात. दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्यांचं घर. बाहेरच्या खोलीत टेबल, पुस्तकांचं कपाट आणि भिंतीला टेकवलेला छोटा फळा. आतल्या खोलीत आजीचा पलंग, आणि त्याला लागून बाईंची घडीची खाट. घरी येणारं-जाणारं कुणी नाही. मोठ्या सुट्टीत शाळेतल्या सगळ्या जणी फिरायला जातात तेव्हा बाई घरी बसून पुढच्या वर्षाच्या वह्यांना कव्हरं घालतात. एकदा मी विचारलं, "तुम्हाला मैत्रीण नाही का हो कुणी?" तर जरा विचार करून म्हणाल्या, "होती. तिची बदली झाली." कधी, तर अठरा वर्षांपूर्वी! मी कपाळाला हात लावला.

त्यांची मैत्रीण म्हणजे आईच होती. आजीची शाळा चौथीपर्यंत. पण बाई उद्याचा धडा आज आजीला शिकवून बघायच्या. आजी भाजी निवडता निवडता अडवायची, "हे असं का गं, चिमे?" आईला कळलं की वर्गाला कळणार, असा बाईंचा हिशेब. तीस वर्षं असं चाललं. मग आजीचं विसरणं सुरू झालं. आधी गॅस, मग महिने, मग माणसं.

मागच्या वर्षी बाई वर्गात चक्कर येऊन पडल्या. ते कळलं तसा त्यांचा भाऊ दुसऱ्या दिवशी हजर. आम्ही त्यांना दादा म्हणतो. दादा वाईट नाहीत, हे आधीच सांगते. त्यांच्या गावात, घरापासून दहा मिनिटांवर अशा म्हाताऱ्या माणसांची एक चांगली संस्था आहे. ते म्हणाले, "आईला मी तिकडं नेतो. रोज भेटायला जाईन. तू किती दिवस अशी मरत राहणार?"

"आई मला ओळखते, दादा. नव्या ठिकाणी तेवढंही राहणार नाही."

"ओळखते? मी आल्यापासून बघतोय, तुला नर्सबाई म्हणतेय."

"कधी कधी ओळखते."

"कधी कधी म्हणजे किती वेळा?"

आता इथं दुसरी कुणी असती तर म्हणाली असती, पुष्कळ वेळा. विषय संपला असता. पण गणिताच्या बाई ना! म्हणाल्या, "माहीत नाही. मोजून सांगते."

आणि त्या दोघा शहाण्यांनी ठरवलं. साठ दिवस. रोज एकदाच, बाई शाळेतून आल्यावर साडेचारला, आजीला विचारायचं, "मी कोण?" मदत करायची नाही, खूण करायची नाही. नाव घेतलं किंवा मुलगी म्हटलं तर बरोबर, नाहीतर फुली. साठात वीस आले तर आजी इथंच राहणार. वीसच्या खाली आले तर दादा घेऊन जाणार. मी स्वयंपाकघरात कप विसळत होते. तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. आईला कुणी असं पणाला लावतं का? पण मला कोण विचारतंय.

दुसऱ्या दिवसापासून चौकटीची वही सुरू झाली. बाई यायच्या, हातपाय धुवायच्या, आजीसमोर खुर्ची ओढून बसायच्या. "आई, मी कोण?" आजी बघत राहायची. कधी म्हणायची, "पोस्टातल्या ना तुम्ही?" कधी नुसतीच हसायची. बाई वहीत फुली मारायच्या. आणि मध्येच एखाद्या दिवशी, "कोण म्हणजे? चिमी!" तेव्हा बाई बरोबरची खूण करायच्या, आणि त्यांचा हात इतका हळू चालायचा की मला बघवायचं नाही.

या मोजणीचा उगम शाळेच्या पुस्तकात होता, ते मला एका शनिवारी कळलं. शनिवारी दुपारी गणितात कच्ची अशी सहा पोरं बाईंकडे घरी येतात. त्या दिवशी संभाव्यतेचा धडा होता. मी दाराशी आजीचे केस विंचरत बसले होते, त्यामुळे फुकटात शिकले.

बाईंनी नाणं दाखवलं. "हे उडवलं तर छापा पडायची शक्यता किती?"

"निम्मी," सगळी ओरडली.

"न उडवताच कसं कळलं?"

"दोनच बाजू आहेत ना, बाई."

"दोन आहेत आणि दोन्ही सारख्या आहेत. म्हणून बसल्या जागी सांगता येतं. ही सैद्धांतिक संभाव्यता." मग बाईंनी पाण्याच्या बाटलीचं झाकण काढून टेबलावर ठेवलं. "आता हे. उताणं पडायची शक्यता किती?"

"निम्मीच! दोनच बाजू."

"बाजू दोन आहेत, पण सारख्या आहेत का? एक बंद, एक उघडी. इथं डोकं चालवून भागत नाही. टाकायचं, बघायचं, लिहायचं. शंभरदा. शंभरात जितक्यांदा उताणं पडेल ती प्रायोगिक संभाव्यता. पाचदा टाकून निकाल द्यायचा नाही. जितकं जास्त टाकाल तितका भरवसा वाढतो."

मग काय, अर्धा तास घरात टाकटूक, टाकटूक. आजीला भारी मजा वाटली. पोरांना बासष्ट, सत्तावन्न, पासष्ट असले आकडे मिळाले. एक मुलगी आहे, एका जागी बसत नाही म्हणून बाई तिला भिंगरी म्हणतात. ती जिन्यात जाऊन पाच मिनिटांत परत आली. शंभरात पन्नास! बाईंनी तिचा कागद वरपासून खालपर्यंत बघितला आणि म्हणाल्या, "भिंगरे, झाकण टाकलंस किती वेळा?"

"शंभरदा, बाई."

"लागोपाठ चारदा सारखं एकदाही पडलं नाही. शंभरात? खरं झाकण इतकं नेमानं वागत नाही. खऱ्यात ढीग पडतात, सलग सहा, सलग सात. मनानं लिहिताना माणसाला ते धाडस होत नाही. दोन-तीन सारखे झाले की हात आपोआप दुसरीकडं वळतो."

भिंगरी लाल झाली. सगळी हसली, मीही हसले. बाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, "निकाल वाईट आला तरी चालतो. पण खोटा लिहिलास तर झाकणाबद्दल कधीच काही कळणार नाही." तेव्हा त्या झाकणाबद्दल बोलत नव्हत्या, हे त्या खोलीत फक्त मला कळलं.

सेहेचाळीस दिवस झाले. बरोबर होते बारा. मधे तर सलग नऊ फुल्या पडल्या होत्या. उरले चौदा दिवस, हवे होते आठ. आणि तेवढ्यात बाईंना बोर्डाच्या पेपर तपासणीची ऑर्डर आली, नेमकी दोन आठवड्यांची, दुसऱ्या गावी. नाही म्हणायची सोय नाही. मी तेवढे दिवस रात्रंदिवस राहायचं ठरलं. जाताना बाईंनी आपला एक फोटो माझ्या हातात दिला आणि वही दिली. "साडेचारला फोटो दाखवायचा. ही कोण, एवढंच विचारायचं. एकदाच. जे म्हणेल ते लिहायचं, मावशी." मी म्हटलं, "बरं."

पहिल्या दिवशी विचारलं. आजीनं फोटो उलटा केला, मागं काही लिहिलंय का बघितलं, आणि रडवेली होऊन माझ्याकडं पाहिलं. दुसऱ्या दिवशी तिनं डोळे मिटूनच घेतले. तिसऱ्या दिवशी मी फोटो कपाटात टाकला. म्हटलं, खड्ड्यात गेली ती मोजणी. वही मी माझ्या हातानं भरली. नऊ बरोबर, पाच फुल्या. बारा आणि नऊ एकवीस. वीसला एक जास्त, म्हणजे घासून पास. कुणाला संशय यायला नको म्हणून फुल्याही टाकल्या, इतकी मी हुशार! आता यात माझी नोकरी वाचत होती का? वाचत होती. खोटं कशाला बोलू. पण तेवढ्यासाठी केलं असं कुणी म्हणालं तर त्याचं तोंड बघणार नाही मी.

बाई शनिवारी दुपारी परतल्या. दादा दुसऱ्या दिवशी यायचे होते. बाईंनी पिशवी खाली ठेवली, आजीच्या केसांवरून हात फिरवला. आजी झोपलेली होती. मग वही उघडली. मी उगीचच भांडी पुसत राहिले.

बऱ्याच वेळानं त्या म्हणाल्या, "मावशी, इथं बसा जरा."

मी फडकं हातात घेऊनच बसले.

"दोन बरोबर, एक फुली. दोन बरोबर, एक फुली. पुन्हा दोन बरोबर, एक फुली. पुन्हा तेच. शेवटी एक बरोबर, एक फुली." त्यांनी बोट त्या ओळीवर ठेवलं होतं. "भिंगरीनं निदान जरा तरी मिसळून लिहिलं होतं."

त्या पोरीला हसले होते मी, आणि तेच करून बसले. पण पकडलं गेल्यावर मला शरम येत नाही, राग येतो. माझा स्वभावच तसला. म्हटलं, "हो, लिहिलं! खोटं लिहिलं! काय करणार आहात? तुमचं ते झाकण टेबलावर हजारदा आपटा, त्याला काही वाटत नाही. झाकण घाबरत नाही, बाई. आजी घाबरते!"

"म्हणजे?"

"म्हणजे काय म्हणजे! चार वाजले की हिची चुळबुळ सुरू होते. हात चोळते. मला विचारते, 'मावशी, त्या परीक्षेच्या बाई आज पण येणार का? मला उत्तर येत नाही गं.' दुपारी तीनला विचारा ना तिला! तीनला म्हणते, चिमी आत्ता शाळेतून येईल, तिच्यासाठी बिस्किट ठेव. अर्धं बिस्किट उशाखाली दडवते. रोज! आणि साडेचारला तुम्ही समोर खुर्ची टाकून बसलात की सगळं जातं डोक्यातून."

बाईंचं बोट वहीवरून निघालं. "हे मला का नाही सांगितलंत?"

"तुम्ही विचारलंत? वहीत जागा होती का त्याला? बरोबर का फुली, एवढंच तर होतं तुमच्याकडं."

खाली रस्त्यावर कुणीतरी गाडी सुरू करत होतं, ती सुरू होत नव्हती. मग त्या म्हणाल्या, "म्हणजे विचारण्यानंच उत्तर बदलत होतं. माझ्या इतकी वर्षं शिकवण्यात हे एकदाही आलं नाही."

"मग दादांना सांगा की असं. मोजणीच चुकली म्हणावं."

त्यांनी पेन घेतलं आणि माझ्या चौदा खुणांवर एक सरळ रेघ मारली. खाली लिहिलं, सेहेचाळीसपैकी बारा. "पाव भागाहून जरा वर, मावशी. तिसऱ्या हिश्श्यापेक्षा कमी. ठरलं ते ठरलं. हरल्यावर मोजणी चुकली म्हणायचं, हे मी पोरांना करू देत नाही."

"दादांना काय कळणार आहे?"

"मला कळलंय ना."

मी हातातलं फडकं आपटलं. म्हटलं, "तुम्हाला आई नकोच आहे!" बोलून गेले आणि जीभ चावली. पण बाई चिडल्या नाहीत. त्या खरंच विचार करायला लागल्या, आणि त्याचीच मला भीती वाटली.

"मला ते माहीत नाही," त्या म्हणाल्या. "कधी वाटतं, हरलेलं बरं. रात्री चारदा उठायला नको. ती मला 'तुम्ही कोण' विचारते, ते ऐकायला नको. आणि मग वाटतं, ती गेली की मला ओळखणारं किंवा विसरणारं, असं कुणीच राहणार नाही या घरात." एवढं बोलून त्या रडल्या. तीन वर्षांत पहिल्यांदा. मी जवळ गेले, पण त्यांना पाठीवर हात ठेवून घ्यायची सवयच नव्हती. त्या ताठ बसून रडल्या.

रविवारी सकाळी दादा गाडी घेऊन आले. बाईंनी वही पुढं केली, माझ्या खोट्याची पानंसुद्धा. दादांनी माझ्याकडं एकदा पाहिलं. बाईंनी आजीच्या भीतीचंही सांगितलं, लपवलं काही नाही. पण शेवटी म्हणाल्या, "आकडा कमीच आहे, दादा. तू ने तिला." दादांनी मान हलवली. त्यांनाही काही फार आनंद झाला होता असं नाही.

बॅग भरली. औषधांचा डबा, चष्मा, दोन स्वेटर. मी आजीला नवे, चिकटणाऱ्या पट्टीचे बूट घातले आणि दाराजवळच्या खुर्चीत बसवलं. दादा बॅग उचलून उभे. बाई भिंतीला टेकून उभ्या होत्या, जवळ यायचं धाडस होत नव्हतं. आजी सगळ्यांकडं बघत होती. मग तिनं बाईंना विचारलं, अगदी परक्या माणसाला विचारावं तसं, "तुम्ही नाही येत?"

"नाही. मला उद्या शाळा आहे."

"हो का. घरी कोण कोण असतं तुमच्या?"

"कुणी नाही. मी एकटीच असते."

"एकट्याच?" आजीच्या कपाळाला आठ्या पडल्या. "आजारी-बिजारी पडलात तर?"

"बघते मीच."

आजी वाकली आणि बुटाची पट्टी ओढून काढली. फर्रकन आवाज झाला. एक बूट काढून बाजूला ठेवला आणि दुसऱ्याला हात घातला. दादा बॅग ठेवून पुढं झाले. "आई, अगं निघायचंय आपल्याला." ते पुन्हा बूट घालायला लागले, तर तिनं त्यांच्या हातावर चापट मारली, चांगली सणसणीत. "तुम्ही जा, भाऊ. मी थांबते इथं. या एकट्या आहेत म्हणतात. बाईमाणसाला असं एकटं टाकून जातात का?"

दादा गुडघ्यावर तसेच राहिले. मग मान वर करून हळूच बाईंना विचारलं, "ओळखलं का गं तिनं तुला?"

आता सांगा, एक शब्द. नुसती मान जरी हलवली असती तरी भागलं असतं. मी जीव मुठीत धरून उभी. मनात म्हटलं, एकदा तरी बोला हो खोटं, आयुष्यात एकदा!

"नाही," बाई म्हणाल्या. "नाही ओळखलं."

दादा त्या बुटाकडं बघत राहिले. मग उठले, दोन्ही बूट दारामागं जोडीनं ठेवले आणि बॅग आतल्या खोलीत नेऊन ठेवली. दुपारी जेवून दादा एकटेच परत गेले. जाताना बाईंच्या डोक्यावर हात ठेवला, आणि मग मला म्हणाले, "रात्रीची पण एखादी बाई बघा, मावशी. पगार माझ्याकडून."

ते गेल्यावर बाई आत चहा टाकायला गेल्या. मी आजीजवळ बसले. आजी खुशीत होती, मोठं काम उरकल्यासारखी. स्वयंपाकघराकडं बघत तिनं मला जवळ ओढलं आणि आपल्या मते हळू आवाजात म्हणाली, "चांगल्या आहेत गं या बाई. बिचारीला आई नाही वाटतं."

स्वयंपाकघरातला कपबशांचा आवाज थांबला. थोड्या वेळानं बाई चहा घेऊन आल्या, कप आजीच्या हातात नीट धरवला आणि तिच्याशेजारी पलंगावर बसल्या.